नाव टाकायचं राहिलं

उज्जैनच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सौमित्रनं आज ठरवलंच. लायब्ररीतल्या निहारिकाला तोंडानं विचारायची हिंमत नव्हती, म्हणून "आपण लग्न करायचं का?" एवढीच ओळ त्यानं फाईलमध्ये लिहिली, काळ्या स्क्रीनवर प्रिंटची कमांड टाईप केली आणि एंटर दाबलं. तेव्हा लक्षात आलं, कमांडमध्ये लायब्ररीच्या प्रिंटरचं नाव टाकायचंच राहिलं! नाव नसलं की कागद थेट अकाउंट्समध्ये निघतो.

"अरे यार, मेलो!" म्हणत तो धावत सुटला.

अकाउंट्समध्ये दोघंच होती. रिटायरमेंटला आलेले, एकटे राहणारे भय्यासाहेब आणि इतकी वर्षं त्यांच्याबरोबर डबा वाटून खाणाऱ्या, लग्न न केलेल्या जयूताई. कागद जयूताईंच्या हातात होता आणि त्या लाजून लाल झाल्या होत्या.

"किती उशीर केलात हो विचारायला! माझं हो आहे, एकदम पक्कं!"

गोंधळलेल्या भय्यासाहेबांनी कागद वाचला, दारात धापा टाकणाऱ्या सौमित्रकडे एकवार पाहिलं आणि कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.



"मी तर कधीचं पाठवलं होतं, जयू. हा प्रिंटरच स्लो आहे!"