लाल पट्टीमागचं नाव

"या नावाबद्दल आमच्याकडे काहीही माहिती नाही," लोर्नाने तिसऱ्यांदा सांगितलं.

काउंटरपलीकडचा माणूस हलला नाही. मारिट सोल्बर्ग ही त्याची मुलगी. तो सांगत होता, तिची आई बिस्मार्क शहरातल्या हॉस्पिटलात आज-उद्यावर होती, आणि तो पाच तास ट्रक चालवून कॉलेजच्या या रजिस्ट्रार कचेरीत आला होता. बीटच्या शेतात राबून भेगाळलेली बोटं त्याने काउंटरवर ठेवली होती.

"इथे शिकते का, एवढंच सांगा, मॅडम. मला तिचे मार्क नकोत, पत्ताही नको. हो, नाहीतर नाही."

लोर्नाच्या समोरच्या स्क्रीनवर मारिटचं नाव होतं आणि नावावर लाल पट्टी होती. ही पट्टी विद्यार्थी स्वतः सही करून घालून घेतो. मग त्याच्याबद्दल कुणालाच काही सांगायचं नाही, आईबापालाही नाही. आहे म्हणायचं नाही, आणि नाहीही म्हणायचं नाही. म्हणायचं फक्त ते एक ठरलेलं वाक्य.

"पट्टी कुणी हौसेने घालून घेत नाही," असं ऑफिसची मुख्य डेल्फीन नेहमी सांगायची. लोर्नाला ते तितकंसं पटायचं नाही. बावीस वर्षं तिने पोरं पाहिली होती. अठराव्या वर्षी डोक्यात राख घालून घ्यायला एवढंतेवढं कारण पुरतं. तिचा स्वतःचा मुलगा टोबी असाच रुसून ओरेगॉनला गेला, त्याला दोन वर्षं झाली. तो काम करायचा त्या गोदामात तिने फोन केला होता. पलीकडच्या बाईने असलंच एक ठरलेलं वाक्य ऐकवून फोन ठेवला होता. त्या बाईला लोर्नाने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, त्याला गणती नाही.

माणूस आरडाओरडा करता तर बरं झालं असतं. आरडाओरडा करणाऱ्यांसाठी दाराशी पहारेकरी होता. पण हा नुसताच मान हलवत राहिला.

"तुम्ही तरी काय करणार," तो म्हणाला. "तुमची नोकरी आहे. तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा आहे."

"फोन करतो ना?"

लोर्नाने उगाचच समोरचे कागद सारखे केले. माणसाने पुढे विचारलं नाही. तो जायला वळला, आणि तिला राहवेना.

डेल्फीन जेवायला गेली होती. आणि नियम मोडायचाच कुठे होता? ठरलेलं वाक्य तिने तीनदा म्हटलं होतं, चौथ्यांदाही म्हटलं असतं.

"असं करा," ती हळूच म्हणाली. "एक चिठ्ठी लिहून ठेवा. मी बघते."

तो थांबला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"पोचेल?"

"पोचेल."

तिने कागद दिला, पेन दिलं, पाकीट दिलं. तो खिडकीच्या कट्ट्याशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून बराच वेळ वाकून उभा राहिला. मग त्याने पाकीट चिकटवलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं. "देव तुमचं भलं करो," म्हणाला आणि गेला.

लोर्नाला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. टोबीसाठी कुणीतरी, कुठेतरी, एवढं केलं असतं तर! तिने लगेच मारिटचा नंबर लावला.

"मारिट, मी रजिस्ट्रार ऑफिसातून लोर्ना बोलतेय. तुझे वडील येऊन गेले. घाबरू नकोस, मी त्यांना काही म्हणजे काही सांगितलं नाही. पण बाळ, तुझी आई फार आजारी आहे. जे काय भांडण असेल ते राहू दे बाजूला. त्यांनी चिठ्ठी ठेवलीय तुझ्यासाठी."



"आईला जाऊन चार वर्षं झाली, मॅडम," मारिट म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्याने तिला जिन्यावरून ढकललं. कोर्टात साक्ष मी दिली. मार्चमध्ये तुरुंगातून सुटला तो."

लोर्ना खुर्चीत बसली.

"मी सांगितलं नाही गं काही. खरंच. तीन वेळा म्हटलं, माहिती नाही म्हणून."

"पण चिठ्ठी घेतलीत."

"हो."

"मी इथे नसते तर घेतली असतीत?"

लोर्ना फोन कानाशी धरून खिडकीकडे वळली. खिडकीतून वसतिगृह दिसत होतं, वसतिगृहातून जेवणघराकडे जाणारी एकच वाट दिसत होती. त्या वाटेच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता. काच खाली केलेली, कोपर बाहेर. पहारेकऱ्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधून मारिटचा आवाज आला.

"मॅडम? काय लिहिलंय त्याने?"

लोर्नाने पाकीट फाडलं आणि कागद उलगडला. मग उलटून पाहिला.

दोन्ही बाजूंनी कोरा होता.