केस रिपोर्ट

बदलीवर चंदीगडला आलेले बाबा १९७६ साली एका नव्या इंजेक्शनानंतर गेले. "माझ्या पाहण्यात असं पहिल्यांदाच घडलं," डॉक्टर खाली बघत म्हणाले होते.

वर्षभराने त्या डॉक्टरांनी त्या इंजेक्शनावर लेख लिहिल्याचं कळलं. मी वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन 'केस रिपोर्ट' या शीर्षकाखालची सूचीतली सगळी कार्डं चाळली. डॉक्टरांचं नाव कुठेच नव्हतं. कार्ड कुणी मुद्दाम काढलं असावं, अशी शंका आली.

"बहनजी, केस रिपोर्ट मतलब एक मरीज," ग्रंथपाल अरोराजी म्हणाले. "डॉक्टरसाहब का पेपर तो कई मरीजों का है, सीरीजवाले खाने में है." त्यांनी अंक आणून दिला.



डॉक्टरांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी त्या इंजेक्शनाने दगावलेले अकरा जण तारखेप्रमाणे मांडले होते. बाबा सातवे होते.