कोमट मणी

आठ महिने ते पत्र खणात पडून होतं. मणीवाल्या अप्पांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्र एका बाईचं होतं, ना ओळख ना पाळख. तिची नऊ वर्षांची मुलगी दवाखान्यात तापानं गेली होती. शेवटपर्यंत ‘आई, घरी चल’ म्हणत होती. ‘सोबतच्या पुडीत तिची राख आहे. चिमूटभर काचेत घालून एक मणी करून द्याल का? तो आला की ती घरी आली असं समजेन.’ अप्पांनी पत्र चारदा वाचलं. हे आपल्या हातून नीट होईल का, आणि हो म्हणायचं तर कुठल्या शब्दांत, या विचारात आज-उद्या होत गेलं. पुडी फळीवर राहिली.

आज पाचवी माळ परत आली.

‘रंग छान, घडण छान,’ आणणारी म्हणाली, ‘पण अप्पा, हे मणी गार होत नाहीत हो. खुंटीला टांगले तरी कोमटच.’

ती गेल्यावर सून हसली. मणी ओवून माळा करायचं काम तिचं. ‘थंडीत मफलर म्हणून खपतील, अप्पा!’

अप्पा हसले नाहीत. काच ज्योतीवर वितळवून तारेवर गुंडाळायची आणि झालेला मणी राखेच्या डब्यात पुरायचा. एकदम गार झाला तर तडकतो, राखेत हळूहळू निवतो. पण सकाळपर्यंत निवतोच. न निवलेला मणी त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी डब्यात बोटं खुपसली. कालचे मणी कोमट होते.

त्यांची नजर फळीवर गेली.

‘सूनबाई, इथं कागदाची पुडी होती.’

‘राखेची ना? ती मागंच डब्यात ओतली. राख कमी पडत होती.’ सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली. ‘राख ती राख. त्यात काय सोनं होतं?’

अप्पांनी खणातलं पत्र तिच्यापुढे धरलं. वाचता वाचता ती पांढरीफटक पडली.

‘त्या बाईला कळवू नका,’ ती कशीबशी म्हणाली. ‘दुसरा कुठलाही मणी पाठवा. तिला काय कळणार आहे?’

अप्पांनी तसं पत्र लिहिलंही. मग फाडलं. दुसऱ्या कागदावर जे झालं ते सगळं लिहिलं: पुडीचं, डब्याचं, गळ्यागळ्यांत गेलेल्या माळांचं, स्वतःच्या आठ महिन्यांचं. डब्याच्या तळची चिमूटभर राख घालून एक मणी केला. दुसऱ्या दिवशी काढला तेव्हा तो चटका बसेल इतका कढत होता. तो त्यांनी रुमालात बांधून पत्रासोबत पाकिटात घातला.

परत आलेल्या माळांचे मणी घरात ठेवायचा धीर होईना. ते सदऱ्याच्या खिशात घेऊन अप्पा पाकीट टाकायला निघाले. वाटभर छातीला धग लागत होती. टपालपेटीपाशी हात थबकला. अजून परत फिरता आलं असतं.

त्यांनी पाकीट आत सोडलं आणि खिशात हात घातला. सगळे मणी गार आणि ओलसर होते, नुकत्याच ताप उतरलेल्या कपाळासारखे.