डॅमेज माल

साडेतीन वाजता योगिताने खोकं उघडलं. टी-शर्टांवरची अक्षरं ठणठणीत बरी झाली होती.

काल संध्याकाळी छापली तेव्हा ती चांगली मोडकी होती. काळ्या कापडावर, ऐन छातीवर, पांढऱ्या रंगात इंग्रजीत 'डिंडोली', सुरतेतल्या त्यांच्या वस्तीचं नाव. जुन्या जर्मन पोथीतली असावीत तशी जाड, टोकदार अक्षरं. जागोजागी झिजलेली, तडकलेली. चेतनला त्याच्या नव्या जिमसाठी जुनाट, दणकट काहीतरी हवं होतं. फॉन्ट योगिताने शोधला होता. पाचला तो माल न्यायला येणार, सहाला उद्घाटन. छपाईच्या कारखान्याच्या शेठने बजावलं होतं, "गिऱ्हाईक बिथरलं तर उद्यापासून येऊ नकोस."

"दगामामा, हे कोणी केलं?"

पॅकिंगच्या टेबलाशी दगामामा ब्रश पुसत होते. उधन्याच्या मिलमध्ये चाळीस वर्षं त्यांनी कापडातले दोष शोधले होते. "सकाळपासून बठेल शे," ते अभिमानाने म्हणाले. "साठना साठ डॅमेज! एकेक फट रंगवरी बुजाडी. शेठले सांगू नको, तुन्ही नोकरी जाई."

"मामा, तो फॉन्टच तसा असतो! मुद्दाम फाटका. पोस्टरवर, बुलेटच्या टाकीवर, टॅटूत, लोक हौसेने वापरतात!"

"मुद्दाम?" दगामामांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

योगिताने पॉलिश पेपर आणला आणि एक टी-शर्ट घासला. मांजराने बोचकारल्यासारखा दिसू लागला. घड्याळात पावणेचार. तिने दुसरा तुकडा दगामामांच्या हातात कोंबला. "घासा. डॅमेज करा."

"हाई पाप शे, बेटी."

"माझी नोकरी आहे, मामा."

त्यांनी डोळे मिटले आणि एकदाच हात ओढला. मग डोळे उघडून घासलेली जागा निरखली. "डॅमेज असा नही ऱ्हास," ते पुटपुटले आणि कामाला लागले.

घडीवर झिजलेलं कापड वेगळं, रोलरला घासलेलं वेगळं, गोदामात ओल लागलेलं वेगळं. मामांना सगळं पाठ होतं. हात थांबत नव्हता. योगिता नुसती टी-शर्ट पुढे सरकवत होती. पाचला पाच कमी असताना साठावा झाला.

चेतन दोन पहिलवान घेऊन आत शिरला. त्याने एक टी-शर्ट उजेडात धरला. अक्षरांवरून नख फिरवलं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कॉम्प्युटरवर दाखवलं ते हे नाही."

योगिताने हातातला पॉलिश पेपर पाठीमागे लपवला.

"ते खोटं वाटत होतं. आ तो असली लागे छे! आणि प्रत्येक वेगळा! कोणी केलं? नाव सांग, आज स्टेजवर सत्कार करतो."

योगिता वळली. दगामामा टेबलाखाली बसले होते.

"मन्हं नाव नको सांगजो, बेटी," ते हात जोडून कुजबुजले. "उद्घाटनले मिलना लोके येतीन."