भिंतीला लावलेला पेला

निर्मात्यानं पटकथा परत पाठवली होती. ‘सिनेमा विनोदी म्हणतोस, मग हसू कुठंय?’ लेखक पात्रांचे आवाज काढत मोठ्यानं संवाद म्हणतच लिहायचा, आणि तो लिहायला बसला की नेमकं शेजारचं म्हातारं जोडपं खो खो हसायचं. एवढं हसू येतं तरी कशाचं? आज त्यानं नायकाच्या सासऱ्याला माळ्यावर चढवलं, वैतागून प्रसंगच खोडला आणि न राहवून स्टीलचा पेला भिंतीला लावून कान टेकवला. पलीकडे आजोबा कुजबुजत होते, ‘हा गप्प का झाला गं? सासरा अजून माळ्यावरच आहे!’ ‘पाणी पीत असेल,’ आजी म्हणाल्या. ‘आणा तो पेला इकडे, आता माझा नंबर.’ लेखकानं आपला पेला खाली ठेवला. खुर्ची भिंतीशी ओढली, घसा खाकरला आणि सासऱ्याला धाडकन पाडलं. भिंतीपलीकडे आधी पेला पडला, मग हसू फुटलं.