पेन्सिलची खूण

“हे काय गिरबटून ठेवलंय?” परीक्षकांनी चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

पट्टीवर पेन्सिलने काढलेला एक छोटा वेढा होता, आणि कडेपर्यंत गेलेलं त्याचं शेपूट. स्पृहाने टेबलापलीकडून मान पुढे केली.

“खूण हाय, सर. हे तोंड पहिलं सरळ केलं. बाकी समदी मापं हितनं घेतलीत.”

“ते तुझं तुझ्याजवळ. मला इथे डाग दिसतोय.”

सदाशिव पेठेतल्या सुतारकाम वर्गाची ही शेवटची परीक्षा. खरखरीत सागवानाच्या चार पट्ट्या मिळतात. सहा तासांत त्यांना रंधा मारायचा, सांधे कापायचे आणि चौकट जुळवून दाखवायची. पहिल्या नंबराला भोसरीच्या एका कारखान्यात थेट नोकरी असते, आणि ती एकच असते. परीक्षक म्हणून बोलावलेल्या इंद्रजीत साहेबांची बाणेरला मॉड्युलर किचनची शोरूम होती. तिथे बोर्ड कापून, कडा चिकटवूनच येतात, वरचं प्लास्टिक तेवढं सोलायचं असतं. मुलांच्या सहा तासांच्या कामाला साहेबांना एक मिनिट पुरत होतं. हात फिरवायचा, मोबाइलवर फोटो घ्यायचा, आकडा लिहायचा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत ते बघायला गुण्या समोरच ठेवला होता. त्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

“कोणी शिकवलं हे?” त्यांनी विचारलं.

शिकवणारे सर्जेराव हातात फाइल धरून शेजारीच उभे होते. तेवीस वर्षं ते प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी हेच सांगत आले होते. लाकडाचं एक तोंड आधी खरं करा, त्यावर खूण करा, मग बाकीचं सगळं त्या तोंडाला विचारून करा. पॉलिश चढेपर्यंत खूण पुसायची नाही. आता सांगायचं होतं फक्त एवढंच, ‘मी’. पण त्यांची नेमणूक दर जूनला अकरा महिन्यांपुरती नव्याने व्हायची, जून जवळ आला होता आणि परीक्षकांचा अहवाल संस्थेकडे जायचा होता. सर्जेराव फाइल उघडून पानं चाळायला लागले.

स्पृहाने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

“हे बघ,” साहेबांनी शेजारची गंधारची चौकट उचलली, “याला म्हणतात फिनिश. कस्टमर काय बघतो? फिनिश! तो काय मापं घेत बसणार आहे?”

गंधारच्या चौकटीचे कोपरे घासून गुळगुळीत केले होते. सांध्यांतल्या फटींत सरसात कालवलेला भुसा भरून वरून पॉलिश पेपर फिरवला होता. सर्जेरावांना ते चार हातांवरून दिसत होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी फट झाकली तर वर्गात ते चौकट मोडून पुन्हा करायला लावत. आज त्याच फटीला अडतीस मार्क मिळाले होते, चाळीसपैकी. स्पृहाच्या नावापुढे साहेबांनी अठ्ठावीस लिहिले. मग त्यांना जरा दया आली.

“जा, ते काढून आण. दोन मार्क वाढवतो.”

स्पृहा चौकट घेऊन आपल्या टेबलाशी गेली. तिथे खोडरबर होतं, पॉलिश पेपर होता. दोन्ही तिने बाजूला सारले. चौकट शिकंज्यात आवळली, रंध्याचं पातं डोळ्यांसमोर धरून पाहिलं, हातोडीने हलकेच ठोकलं. मग एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच हात मारला.

रंध्यातून पट्टीएवढी लांब साल निघाली. कुठे तुटली नाही, कुठे जाड-बारीक नाही. ती तिने दोन बोटांत धरून आणली आणि साहेबांच्या मार्कांच्या कागदावर अलगद ठेवली. सालीवर वेढा आणि शेपूट जसंच्या तसं होतं.

“काढली, सर. आता कुठनं मोजायचं ते तुमीच सांगा.”

साहेबांनी फुंकर मारली. साल उडून खाली भुशात पडली. अठ्ठावीस खोडून त्यांनी तीस केले आणि कागद सर्जेरावांपुढे सरकवला. “वर्गशिक्षकांची सही राहिलीय. उरका, मला बाणेर गाठायचंय.” वर स्वतःचं पेनही दिलं.

सर्जेरावांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं.

“मघाशी विचारलं होतंत ना, साहेब, कोणी शिकवलं म्हणून? मी शिकवलं.”

“बरं मग?”

सर्जेरावांनी गुण्या उचलला, स्पृहाची चौकट घेतली आणि खिडकीशी गेले. बाहेर नेहमीसारख्या गाड्या वाजत होत्या. त्यांनी चौकट उजेडासमोर धरून रंधा मारलेल्या नव्या तोंडावर गुण्या टेकवला. लाकूड आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा आत आली नाही. मग गंधारची चौकट आणून तिलाही गुण्या लावला. तिच्या कोपऱ्यात गुण्याखालच्या फटीतून पलीकडची गाडी दिसत होती.

“साहेब, जरा इकडे या,” ते म्हणाले. साहेब जागचे हलले नाहीत.

तेव्हा सर्जेरावांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि स्पृहाच्या चौकटीवर, होती त्याच जागी, ठळक वेढा काढून त्याचं शेपूट कडेपर्यंत ओढलं.