ओवाळून होईपर्यंत

"यंदा साडी नको, दादा. मी ओवाळेपर्यंत हा पट्टा गळ्यात घाल," शर्वाणी म्हणाली. जोडीचा पट्टा तिच्या गळ्यात होताच.

"तुझी मानदुखी माझ्याकडे येणार? आण, तुझी नाटकं बघूच!" दादा हसला. लहानपणी झोपाळ्यावरून त्यानंच तिला ढकललं होतं; तेव्हापासून तिची मान दुखायची आणि भोवळ यायची.

तिनं बटण दाबलं. तिची मान हलकी झाली, भिंती फिरायच्या थांबल्या. कितीतरी वर्षांनी आधाराशिवाय तिनं ताट उचललं.

निरांजन जेमतेम एकदा फिरलं. दादा पाटावरून कलंडला आणि पट्टा ओरबाडून काढत भडाभडा ओकला.

दुखणं तिच्याकडे परतलं. सवयीनं भिंत धरून तिनं निरांजन सावरलं आणि झुरळाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"नाटकं पुरेत, दादा. बस नीट. अजून ओवाळून व्हायचंय."